खुलभर दुधाचे अध्यात्म

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की मराठी घरांना दोन चाहुली लागतात. एक असते पंढरीच्या वाटेवरून येणाऱ्या टाळमृदंगांची आणि दुसरी चातुर्मासाच्या नेमांची. कांदेनवमीला भज्यांचा आणि थालीपिठांचा यथेच्छ समाचार घ्यायचा आणि एकादशीपासून थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगी यांना रजा द्यायची, ही पद्धत आजही अनेक घरांत पाळली जाते. कोणी एकवेळ जेवण्याचे व्रत घेते, कोणी जेवताना मौन धरते, कोणी ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाही. आजीच्या पिढीतल्या स्त्रिया चार महिने रोज गोपद्मे काढीत, वाती वळीत. या नेमांकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतल्या बहुतेक नेमांसाठी घर सोडून कुठेही जावे लागत नाही. स्वयंपाकघर, अंगण, देवघर आणि समोरचे ताट एवढ्याच भूमीवर ते पार पडतात. आपल्या पूर्वजांनी साधनेची जागा निवडली ती नेमकी माणूस दिवसाचा बहुतेक वेळ जिथे घालवतो तिथेच.

आज अध्यात्म हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर निराळेच चित्र उभे राहते. शहरापासून दूर डोंगराच्या कुशीत एखादे निवासी शिबिर, शुभ्र वस्त्रे, तीन दिवसांचे मौन, प्रवचनांच्या ध्वनिचित्रफिती, भ्रमणध्वनीवर वाजणारी ध्यानाची घंटा. यांतल्या कशाचीही टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. शिणलेल्या मनाला एकांत हवा असतो आणि तो मिळवण्याचे मार्ग आपल्या परंपरेनेच दाखवले आहेत. प्रश्न वेगळा आहे. शिबिराहून परतलेला गृहस्थ रविवारी रात्री घराची घंटा वाजवतो, दार उघडायला दोन मिनिटे उशीर होतो आणि तीन दिवसांची शांती उंबरठ्यावरच सांडते. सोमवारी सकाळी लोकलच्या दारात, वाहनांच्या खोळंब्यात, साहेबांच्या खोलीत, मुलाच्या अभ्यासावरून होणाऱ्या वादात त्या शांतीचा मागमूसही उरत नाही. मग तो पुढच्या शिबिराची वाट पाहू लागतो. अध्यात्म ही सुटीच्या दिवशी करायची गोष्ट आणि संसार ही उरलेल्या दिवसांची शिक्षा, अशी फाळणी त्याच्या आयुष्यात होऊन बसते. ही फाळणी आपल्या परंपरेला मान्य आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोठे ग्रंथ उघडण्याची गरज नाही. श्रावणी सोमवारी घरोघर वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आठवावी. आटपाट नगराचा राजा महादेवाचा भक्त होता. देवाचा गाभारा दुधाने भरून काढावा, असे त्याच्या मनात आले. दवंडी पिटली गेली. सोमवारी गावातले सारे दूध देवळात आलेच पाहिजे, असा हुकूम झाला. लोक घाबरले. कोणी वासरांना सोडले नाही, कोणी मुलांच्या तोंडी घोट लागू दिला नाही. घागरीमागून घागरी गाभाऱ्यात रिकाम्या झाल्या, पण गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचे कामकाज आवरले होते, मुलाबाळांना खाऊ घातले होते, सुनांना जेवू घातले होते, गाईवासरांचे पोट भरले होते. मग उरलेले खुलभर दूध, म्हणजे अगदी चिमुकल्या भांड्यात मावेल इतके दूध, थोडे गंधफूल आणि दोन बेलाची पाने घेऊन ती देवळात आली. तिने मनोभावे ते दूध वाहिले आणि गाभारा काठोकाठ भरला. राजाने पाळत ठेवून तिला गाठले आणि अभय देऊन कारण विचारले. तेव्हा तिने निर्भयपणे सांगितले की, तुझ्या हुकुमाने वासरांचे आणि मुलांचे आत्मे तळमळतात, मोठ्या माणसांचे उसासे देवाच्या पायापाशी पोचतात; ते देवाला आवडत नाहीत, म्हणून गाभारा भरत नाही.

एवढी लहानशी कहाणी, पण तिच्यात धर्मविचाराचा केवढा मोठा सिद्धान्त दडलेला आहे! राजाची भक्ती खोटी नव्हती. त्याचा संकल्पही लहान नव्हता. चूक एकच झाली. देवाला वाहायचे दूध त्याने ज्या मुखांतून काढून घेतले, त्या मुखांतही देव आहे हे तो विसरला. म्हातारीपाशी सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, शास्त्रज्ञानही नव्हते. परंतु देवळात येण्यापूर्वीच तिची पूजा निम्म्याहून अधिक झाली होती. मुलांच्या ताटात, सुनांच्या पानात, गोठ्यातल्या वैरणीत ती झाली होती. देवळात तिने वाहिले ते केवळ तिच्या पूजेचे शेवटचे फूल. कहाण्यांचे पुस्तक बायकांच्या हाती सोपवून पुरुषमंडळींनी त्याकडे कौतुकाने किंवा दुर्लक्षाने पाहिले, हे आपले दुर्दैव. वेदान्ताचे जे तत्त्व पंडितांना भाष्यांतून उलगडावे लागते, ते आपल्या आज्यांनी पाटावर बसून, हातात अक्षता धरून नातवंडांच्या कानी घातले होते.

शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. स्मृतिग्रंथांनी गृहस्थाच्या घरातील पाच जागा सांगितल्या आहेत, जिथे त्याच्या हातून नकळत जीवहिंसा घडते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. जगायचे म्हटले की कुणाचे तरी जगणे आपण हिरावून घेतो, याची इतकी सूक्ष्म जाणीव बाळगणाऱ्या ऋषींनी गृहस्थाला घरदार सोडून पळून जायला सांगितले नाही. त्यांनी त्याला पाच महायज्ञ सांगितले. अध्ययन-अध्यापनाने ऋषींचे, तर्पणाने पितरांचे, आहुतीने देवतांचे, अन्नदानाने प्राणिमात्रांचे आणि आतिथ्याने माणसांचे ऋण रोज फेडावे. नावात महायज्ञ असले तरी यांना मोठे मांडव लागत नाहीत. गाईला दिलेला घास, कावळ्यासाठी काढलेला भात, दारी आलेल्याला विचारलेले पाणी एवढ्याने ते साधतात. पहिली पोळी गाईची ही आपल्या घरांतली जुनी रीत त्या यज्ञाचाच अवशेष आहे. जेवणाआधीचा श्लोक म्हणताना क्षणभर हात थांबतो, तो क्षणही त्याच यज्ञाचा. हे अन्न शेतकऱ्याच्या घामातून आणि घरातल्या कुणाच्या तरी धगीपुढच्या तासाभरातून माझ्यापर्यंत आले आहे, ही कृतज्ञता त्या क्षणात सामावलेली असते. आज अनेक घरांत तो क्षण दूरदर्शन संचाने आणि भ्रमणध्वनीने गिळला आहे. आपण काय खात आहोत याकडेही ज्याचे लक्ष नाही, त्याने ध्यानाच्या वर्गाला जाऊन कशाचे ध्यान करावे?

महाभारताच्या वनपर्वात एक विलक्षण आख्यान आहे. कौशिक नावाचा एक तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करीत असता वरून एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले आणि ती बगळी गतप्राण होऊन खाली पडली. पुढे तो एका घरी भिक्षेला गेला. घरची गृहिणी भिक्षा आणत होती, तेवढ्यात भुकेला पती घरी आला आणि ती त्याच्या सेवेत गुंतली. उशीर झाल्याने कौशिक संतापला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की, महाराज, मी काही ती बगळी नव्हे. रानात एकांतात घडलेली गोष्ट या घरात राबणाऱ्या स्त्रीला कशी कळली, या विचाराने तो चकित झाला. तिने त्याला धर्म समजून घेण्यासाठी मिथिलेला एका व्याधाकडे पाठवले. तिथे जाऊन तो पाहतो तर हा धर्मज्ञ पुरुष मांसाच्या दुकानात बसून विक्री करीत होता. आलेले सारे गिऱ्हाईक आटोपल्यावर त्याने कौशिकाला घरी नेले, आपल्या वृद्ध आईवडिलांसमोर उभे केले आणि हीच माझी दैवते, यांची सेवा हीच माझी साधना, असे सांगितले. स्वामी विवेकानंदांनी १८९५-९६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कर्मयोगावर जी व्याख्याने दिली, त्यांतही हे आख्यान आवर्जून सांगितले आहे.

या आख्यानाचा शेवट मात्र पुष्कळदा सांगायचा राहून जातो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. व्याध कौशिकाला म्हणतो की, तू वेदाध्ययनासाठी आईवडिलांची अनुज्ञा न घेता घर सोडलेस. तुझ्या शोकाने ते म्हातारे आंधळे झाले आहेत. आता परत जा आणि त्यांना प्रसन्न कर. तपाने दृष्टीत पक्षी मारण्याचे सामर्थ्य आले, पण आपल्या दोन म्हाताऱ्यांचे अश्रू मात्र त्या दृष्टीला दिसले नव्हते. कौशिक घरी परतला. त्याच्या अध्यात्माची खरी सुरुवात त्या परतीच्या वाटेवर झाली, असे म्हणायला हवे.

हे आख्यान आज आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या दारात येऊन उभे आहे. मुले परदेशी किंवा दूरच्या शहरांत, आईवडील इथे दोन खोल्यांच्या सदनिकेत, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही. पोटासाठी दूर जावे लागते, त्यात दोष नाही. पण एकाच घरात राहूनही वडिलांशी दिवसाकाठी चार वाक्ये न बोलणारे आपण पाहतो. मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करावा, यासाठी देशाच्या संसदेला २००७ मध्ये कायदा करावा लागला आणि निर्वाहखर्चाच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणे नेमावी लागली. मातृदेवो भव म्हणणाऱ्या समाजाला हा कायदा करावा लागतो, याची खंत वाटली पाहिजे. गंमत अशी की, त्याच घरांतून चारधाम यात्रेची आरक्षणे होतात, सत्संगाला न चुकता हजेरी लागते. जपाची माळ हातात असताना आतल्या खोलीतून वृद्ध आईची तिसऱ्यांदा हाक येते. त्या हाकेचा राग येतो, की ती हाक त्याच जपाचा पुढचा मणी वाटते? साधना किती झाली याचे उत्तर मण्यांच्या संख्येत सापडत नाही. ते या एका क्षणात सापडते.

आमच्या वाचकांत कार्यकर्ते पुष्कळ आहेत. त्यांनाही आपुलकीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. समाजासाठी वेळ देणे हे थोर व्रत आहे. संध्याकाळी बैठक, रविवारी उपक्रम, सुटीत प्रवास या क्रमातून अनेकांनी आयुष्ये वेचली आणि समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु त्या प्रत्येकाच्या मागे एक घर उभे असते. उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवणारी पत्नी, वडिलांशिवाय पार पडलेले मुलांचे वाढदिवस, अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा पेटलेली शेगडी, हे सारे त्या कार्यातलेच दूध आहे. ते आपण हक्काने गाभाऱ्यात ओततो आणि ज्याच्या वाट्याचे ते होते त्याला विचारतही नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच संसार वाऱ्यावर सोडून परमार्थाच्या मागे धावणाऱ्याला सावध केले आहे. लग्नमंडपातून निघून गेलेल्या एका विरक्ताने हे सांगावे, याला विशेष अर्थ आहे. घराला बरोबर घेऊन केलेले समाजकार्य टिकते. घराला गृहीत धरून केलेले कार्य आतून कोरडे होत जाते.

महाराष्ट्राच्या संतांनी तर हा विचार नुसता सांगितला नाही, जगून दाखवला. अरणच्या सावता महाराजांचा मळा हीच त्यांची पंढरी होती. कांदा, मुळा, भाजी पिकवताना त्यांना विठ्ठल भेटत होता. त्यांनी १२९५ मध्ये देह ठेवला. सर्व संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात आणि पंढरीच्या पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांना भेटायला अरणला जाते, ही रीत आजही पाळली जाते. मळ्यातले काम सोडून भक्त देवाकडे गेला नाही, म्हणून देवच भक्ताच्या बांधावर आला! नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, त्यांच्या शेण्या थापू लागला, अशी आपली श्रद्धा आहे. या कथांकडे चमत्कार म्हणून पाहणाऱ्याने पाहावे. आम्हाला त्यांत एक स्वच्छ सिद्धान्त दिसतो. ज्या कामाला जग हलके मानते, त्या कामात परमेश्वर भागीदार होतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून कावडीत भरून आणलेले गंगाजल वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. रामेश्वराला अभिषेक इथेच पोचला, ही त्यांची धारणा होती. खुलभर दुधाची म्हातारी आणि नाथमहाराज एकाच पंथाचे वाटसरू आहेत.

याच विचाराला आधुनिक काळात लोकमान्यांनी शास्त्रीय अधिष्ठान दिले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला गीतारहस्य हा ग्रंथ, गीता संन्यास शिकवत नाही, निष्काम कर्माचा उपदेश करते, हे ठासून मांडतो. ज्या माणसाला सहा वर्षे काळ्या पाण्यासारखी शिक्षा झाली होती, मधुमेहाने ज्याचे शरीर पोखरले होते, तो अंधाऱ्या खोलीत बसून कर्माचे तत्त्वज्ञान लिहितो आणि तेच त्याचे तप ठरते, यापरते उदाहरण कोणते हवे?

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. काम हीच पूजा, हे वाक्य आज फार स्वस्त झाले आहे. कार्यालयांच्या भिंतींवर ते चौकटीत टांगलेले असते. त्याचा आधार घेऊन माणसाला बारा-बारा तास जुंपले जाते आणि तोही पगारवाढीच्या धावपळीला साधना म्हणू लागतो. हे कर्मयोगाचे विडंबन आहे. कामाची पूजा होते ती तीन गोष्टींनी. काम निर्दोष करावे, म्हणजे पूजेत तुटकी अक्षता चालत नाही तशी कामात चालढकल चालत नाही. काम ज्याच्यासाठी करायचे त्याला देव मानावे, मग तो फलाटावरचा प्रवासी असो, रुग्णालयातला रुग्ण असो की सरकारी कचेरीत सातबाऱ्यासाठी खेटे घालणारा शेतकरी असो. आणि फळाची हाव सुटावी. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. पण पहिल्या दोन तर आपल्या हातात आहेत ना? खिडकीपाशी ताटकळलेल्या म्हाताऱ्याला उद्या या असे न सांगता त्याचे कागद आजच पाहून देणारा कारकून त्या घटकेला जी पूजा करतो, ती कोणत्याही महापूजेपेक्षा कमी नाही. उलट लाच घेऊन सत्यनारायण घालणारा आपल्या देवालाच भागीदार करू पाहतो.

दुसरी सावधगिरी याहून गंभीर आहे आणि तिच्याविषयी बोलायला आपला समाज कचरतो. प्रत्येक काम पवित्र आहे, हे सांगताना ते काम करणाऱ्या माणसाला आपण कुठे उभे केले, हा प्रश्न टाळता येणार नाही. संत चोखोबांचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर राबत असताना १३३८ मध्ये तो कूस कोसळला आणि त्याखाली ते गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी परंपरा सांगते. पंढरीच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली गेली. नाम हाडांपर्यंत मुरलेला हा महाभक्त, पण जिवंतपणी त्याला मंदिराचे दार उघडले नाही. पुढेही सहाशे वर्षे ते त्याच्या बांधवांसाठी बंदच राहिले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कुठे ते उघडले. चोखोबांचे काम पवित्र होते यात शंका नाही. पण ते पावित्र्य त्यांनी आपल्या भक्तीने कमावले होते. समाजाने त्यांना दिला तो अपमानच.

आजही हा हिशेब पुरता मिटलेला नाही. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये त्याहून कठोर कायदा आला. तरीही गटारात उतरून गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा वेळी सफाईचे काम ही ईश्वरसेवा आहे, असे गादीवर बसून सांगणाऱ्याला ते सांगण्याचा अधिकार नाही. तो अधिकार गाडगेबाबांना होता. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या संताने हातात खराटा घेतला, गावे झाडली आणि मग रात्री त्याच गावात कीर्तन केले. वारीच्या काळात ते पंढरपुरात असत ते वाळवंट झाडायला आणि भुकेल्यांना जेवू घालायला. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी खोपटाहून अधिक काही ठेवले नाही. दुसऱ्याच्या हातातला झाडू पवित्र आहे म्हणणे सोपे असते. तो स्वतःच्या हाती घेतला की मगच त्या शब्दांना अर्थ येतो. आपल्या घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या ताईंना आपण कोणत्या कपातून चहा देतो, तिथपासून या विषयाची परीक्षा सुरू होते. समरसतेची भाषणे त्यानंतरची.

मग रोजच्या जगण्यात अध्यात्म आणायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे कुणी विचारील. आम्हाला वाटते, चातुर्मासाच्या नेमांची जुनी चौकटच त्यासाठी पुरेशी आहे. तिच्यात आजच्या जीवनाला साजेसे नेम भरावेत. चार महिने रात्रीचे जेवण घरातल्या सर्वांनी एकत्र बसून आणि सारे पडदे बंद ठेवून करावे. चार महिने घरातल्या ज्येष्ठांपाशी रोज पंधरा मिनिटे, हातात काहीही न धरता, नुसते बसावे. पानात टाकायचे नाही, हा नेम मुलांबरोबर मोठ्यांनीही पाळावा. आपल्या हाताखालच्या माणसाशी चढ्या आवाजात बोलणार नाही, असा नेम एखाद्या अधिकाऱ्याने घ्यावा. ज्या घरात आई किंवा पत्नीच सदैव राबते, त्या घरातील पुरुषाने एका वेळची भांडी किंवा सकाळचा चहा आपल्याकडे घ्यावा. जनाबाईंना दळण्यात मदत करायला पंढरीच्या राजाला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

हे नेम दिसायला किरकोळ आहेत. एक-दोन दिवसांत कंटाळा येईल, आठवडाभरात मोडतील, पुन्हा धरावे लागतील. त्यांची कुणी बातमी छापणार नाही, त्यांचे छायाचित्र काढण्यासारखेही काही असणार नाही. पण नेमाचे सामर्थ्य त्याच्या सातत्यात असते. अडीचशे किलोमीटरांची वारीसुद्धा पावलापावलानेच पार पडते. वारकरी चालताना रोज काय करतो? पहाटे उठतो, आंघोळ करतो, हरिपाठ म्हणतो, कपडे धुतो, दिंडीच्या स्वयंपाकाला हात लावतो, शेजारच्याला माउली म्हणून त्याच्या पायाला हात लावतो आणि पुन्हा चालू लागतो. पंढरपूर तर शेवटी येते. पुष्कळांना तिथे कळसाच्या दर्शनावरच समाधान मानावे लागते. तरीही वारी पुरी झाली असे त्यांना वाटते, कारण शेजारच्या प्रत्येकाला माउली म्हणण्याची सवय त्या वाटेवर जडलेली असते. ही सवय एकादशीनंतर घरी नेता आली तर वारी फळाला आली म्हणायचे.

नामदेवांना विसोबा खेचरांची भेट झाली, त्या प्रसंगाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेल्या म्हाताऱ्याला पाहून नामदेव संतापले. विसोबा म्हणाले की, माझे पाय अशा जागी ठेव जिथे देव नाही. नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवले तिथे पिंडी उभी राहिली. विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवांनाही हा धडा घ्यावा लागला, तर आपली काय कथा! स्वयंपाकाचा ओटा, कचेरीतली खुर्ची, लोकलमधली तिसरी जागा मागणारा प्रवासी, खाटेवर पडून असलेले वडील. यांपैकी एक तरी जागा अशी दाखवता येईल का, की जिथे तो नाही?

या श्रावणात खुलभर दुधाची कहाणी घरोघर पुन्हा वाचली जाईल. ती वाचून झाल्यावर पुस्तक कपाळाला लावून ठेवून देण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आपल्या घराकडे पाहावे. आपल्या भक्तीसाठी, आपल्या कार्यासाठी, आपल्या प्रतिष्ठेसाठी कुणाच्या तोंडचे दूध तर आपण काढून घेतले नाही ना? कुणाचा उसासा या भिंतींत अडकून तर राहिला नाही ना? तो उसासा आधी निवारावा. वासरे, मुले, सुना, म्हातारी माणसे, राबणारे हात यांना तृप्त करून मगच देवळाची वाट धरावी. मग हाती दूध खुलभरच उरले तरी चिंता नाही. गाभारा तेवढ्याने भरतो, हे आपल्या आज्यांनी सांगून ठेवलेले आहे.